‘अजून वेळ झालेली नाही’ : वेदनाशामक नाकारणाऱ्या एका रुग्णाचं प्रकरण

विभागातून आलेल्या चिठ्ठीवर एकच ओळ होती : ‘रुग्ण मॉर्फीन घ्यायला तयार नाही. सवय लागण्याची भीती. कृपया भेटावे.’ रुग्णालयात चॅप्लेन म्हणून काम करताना अशा चिठ्ठ्या मला वरचेवर येतात आणि त्यांत लिहिलेलं कारण बऱ्याचदा बरोबरच असतं. या वेळी ते चुकलं होतं. ते मला दुसऱ्या भेटीत कळलं आणि त्याच भेटीत मी स्वतः एक चूक केली. मुख्यतः त्या चुकीसाठी हे प्रकरण मी लिहून काढते आहे.

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि एकाहून अधिक रुग्णांचे अनुभव इथे एकत्र गुंफले आहेत. रुग्ण निवृत्त शिक्षिका होत्या. सगळा विभाग त्यांना ‘बाई’ म्हणायचा, मीही इथे तेच म्हणते.

चॅप्लेन म्हणजे रुग्णालयाने ठेवलेला धर्मगुरू, असं बऱ्याच जणांना वाटतं. कामाचा उगम तिथलाच आहे, पण आज काम तेवढंच राहिलेलं नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत १९४८ मध्ये ती सुरू झाली तेव्हापासून चॅप्लेन आहेत आणि आता तिथे, तसंच नेदरलँड्समध्ये, कुठलाही धर्म न मानणारे मानवतावादी चॅप्लेनही नोकरीवर आहेत. रुग्ण ज्या धर्माचा असेल किंवा नसेल, त्याच्या स्वतःच्या श्रद्धेच्या, प्रश्नांच्या, अपराधाच्या आणि नात्यांच्या भाषेत त्याच्याजवळ बसणं हे आमचं काम. त्याला आपल्या धर्मात ओढणं हा व्यवसायाच्या नीतीचा सरळ भंग आहे.

हे काम शिकवावं लागतं, नुसत्या चांगुलपणावर ते होत नाही. याची पद्धतशीर सुरुवात १९२५ मध्ये अमेरिकेतल्या वूस्टर राज्य मनोरुग्णालयात अँटन बॉइझन यांनी केली. बॉइझन स्वतः मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून राहून आले होते. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पुस्तकांइतक्याच गंभीरपणे माणसं वाचावीत, असा त्यांचा आग्रह होता. ‘जिवंत मानवी दस्तऐवज’ हा त्यांचा शब्दप्रयोग. त्यांच्या पाठीशी होते डॉक्टर रिचर्ड कॅबट, वैद्यकीय शिक्षणात प्रकरणांवरून शिकवण्याची पद्धत रुजवणारे. या प्रशिक्षणाचा एक टप्पा आजही किमान ४०० तासांचा असतो आणि अमेरिकेत प्रमाणित चॅप्लेन होण्यासाठी असे चार टप्पे लागतात. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावतात : भेट संपली की आठवेल तेवढा संवाद शब्दशः लिहून काढायचा. रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणाले, कोण कधी गप्प झालं, मध्येच दार कोणी उघडलं. आम्ही त्याला ‘व्हर्बेटिम’ म्हणतो. शिकताना मला याचा कंटाळा यायचा. बाईंच्या बाबतीत सगळं त्यावरच ठरलं.

बाईंचं वय सहासष्ट. स्तनाचा कर्करोग मणक्यात आणि कटीच्या हाडांत पसरला होता. दुखणं कमी व्हावं म्हणून कटीला किरणोपचाराचा आठ ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) एकच डोस दिला होता. त्याचा गुण यायला दिवस जातात, कधी काही आठवडेही. तोवरच्या काळासाठी दर चार तासांनी तोंडाने घ्यायचं मॉर्फीन लिहून दिलेलं होतं. बाई त्यातले निम्म्याहून जास्त डोस घेत नव्हत्या आणि रात्रीचा तर एकही नाही. दहाच्या मापात आठ दुखतं, असं त्या शांतपणे सांगायच्या. आवाज वर्गात गणित समजावल्यासारखा, आणि हाताच्या मुठीत चादर.

डॉक्टर आणि परिचारिका यांनी त्यांना तीनदा समजावलं होतं. कर्करोगाच्या दुखण्यावर योग्य देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फीनने व्यसन लागण्याची भीती फार थोडी असते, बद्धकोष्ठता होते पण तिच्यावर औषध देता येतं, सुरुवातीची गुंगी सहसा काही दिवसांत उतरते. बाई प्रत्येक वेळी मान डोलवायच्या, ‘समजलं’ म्हणायच्या. पुढचा डोस पुन्हा तसाच परत जायचा.

पहिल्या भेटीत मी ओळख सांगितली आणि खुर्ची त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला येईल अशी ओढून बसले. बाईंनी मला नीट न्याहाळलं.

“तुम्ही देवाधर्माचं बोलायला आलात का?”

“तुम्हाला बोलायचं असेल तर. नाहीतर नुसती बसेन.”

“देवाशी माझा अबोला आहे. वीस वर्षं झाली.”

“वीस वर्षं.”

“हो.”

मी पुढे काही विचारलं नाही. एवढं मोठं वाक्य कोणी पहिल्या पाच मिनिटांत पुढ्यात ठेवलं, की त्यावर झडप घालायची नसते. पण ते मनात धरून ठेवलं. अबोला परक्याशी धरत नाहीत. ज्याच्याशी नातं आहे, ज्याने आपणहून येऊन बोलावं असं आत कुठेतरी वाटतं, त्याच्याशीच अबोला धरतात. देव नाही असं बाई म्हणाल्या नव्हत्या. कागदावर ‘धार्मिक नाही’ अशी नोंद करून मी उठले असते तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुटली असती.

अशा रागाला किंवा दुराव्याला आमच्या क्षेत्रात धार्मिक संघर्ष म्हणतात आणि तो हलका विषय नाही. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी ५५ वर्षांच्या आणि त्यावरच्या ५९६ आजारी रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. तो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. देवाने आपल्याला टाकलं आहे किंवा त्याचं आपल्यावर प्रेम नाही, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त दिसला. एकामुळे दुसरं घडतं असं यातून सिद्ध होत नाही. पण ‘देवावर रागावलेला रुग्ण’ हा केवळ स्वभावाचा भाग म्हणून सोडून देऊ नये, एवढं यातून मी घेतलं आहे.

त्या भेटीत आम्ही त्यांच्या शाळेविषयी बोललो. दुपारी दोनला परिचारिका औषध घेऊन आली.

“बाई, औषधाची वेळ झाली.”

“अजून वेळ झालेली नाही.”

परिचारिकेने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. “बरं, थोड्या वेळाने येते,” म्हणून ती गेली. मला त्या क्षणी काहीच वेगळं वाटलं नाही.

संध्याकाळी व्हर्बेटिम लिहिताना मी त्या ओळीशी अडकले. औषध नको असलेला माणूस ‘नको’ म्हणतो. ‘मळमळतं’ म्हणतो, ‘झोपू द्या’ म्हणतो. ‘अजून वेळ झालेली नाही’ हे घेणाऱ्याचं बोलणं नाही. ते देणाऱ्याचं वाक्य आहे. ज्याच्या हातात बाटली आहे आणि समोर कोणीतरी मागत आहे, तो असं बोलतो. मी रात्रपाळीच्या परिचारिकेला फोन केला. बाई रात्री नेमकं काय म्हणतात, शब्दशः सांग, म्हटलं. तिला आठवायला वेळ लागला नाही. “हेच म्हणतात. रोज हेच. मला वाटलं, झोपेत वेळेचं भान राहत नसेल.”

दुसऱ्या दिवशी मी इकडचं तिकडचं बोलत बसले नाही. बाईंना सरळ बोलणं आवडतं हे कळलं होतं.

“काल औषध आलं तेव्हा तुम्ही म्हणालात, अजून वेळ झालेली नाही. वेळ तर झाली होती. मला ते वाक्य दुसऱ्याच कुठलं तरी वाटलं.”

बाई बराच वेळ छताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं.

वीस वर्षांपूर्वी त्यांची थोरली बहीण, ताई, अशाच आजाराने त्यांच्या घरी अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी मॉर्फीनचं पातळ औषध दिलं होतं, दर चार तासांनी. बाईंनी ते आठ तासांनी दिलं. रात्री दिलंच नाही. सवय लागेल अशी भीती होती, झोपेत श्वास थांबेल अशीही. एवढं जड औषध म्हणजे आपणच तिला मारल्यासारखं होईल, असं कोणीतरी बोललं होतं. ताई मागायची. आधी शब्दांनी, शेवटी नुसत्या नजरेने. बाई म्हणायच्या, अजून वेळ झालेली नाही. ताई गेली तेव्हा बाटली निम्म्याहून जास्त भरलेली होती.

“मी ती ओतून टाकली,” बाई म्हणाल्या. “मोरीत. आणि मग बाटली धुतली. बाटली कशाला धुतली, कोण जाणे.”

आणि इथे मी चुकले. मी म्हणाले, “तुम्हाला तेव्हा कसं कळणार होतं, बाई? तुम्ही प्रेमापोटीच केलंत. तुम्हाला तिला जगवायचं होतं.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विद्यार्थ्याने पाठ केलेलं उत्तर दिल्यावर शिक्षक हसतात तसं हसल्या. “बरोबर आहे तुमचं. मी जरा पडते आता.” त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंतचे सगळे डोस परत गेले.

माझ्या बोलण्यात खोटं एकही वाक्य नव्हतं. त्यांना माहीत नव्हतं, हे खरं. प्रेम होतं, हेही खरं. तरी ते बोलणं चुकीचं होतं, आणि चुकीची वाक्यं बऱ्याचदा अशी खरी असतात म्हणूनच ती तोंडातून सहज निघून जातात. वीस वर्षांत ही वाक्यं बाईंनी स्वतःला हजारदा सांगून पाहिली असणार. त्यांनी पहिल्यांदाच कोणाला तरी बाटलीची गोष्ट सांगितली आणि मी तिच्यावर लगेच झाकण घातलं. का घातलं, याचं उत्तर मला माझ्या पर्यवेक्षकांसमोर बसून द्यावं लागलं. ते असं की त्या खोलीत त्या बाटलीसमोर मला बसवेना.

पर्यवेक्षकांनी एक चौकट आठवून दिली, चॅप्लेन मिशेल शील्ड्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेली. आजारपणात माणसाची आत्मिक गरज साधारण तीन प्रकारांत दिसते, असं ती सांगते : अर्थ आणि दिशा, स्वतःचं मोल आणि आपलेपणा, आणि तिसरी, बिघडलेल्या नात्यांत समेट. गरज बदलली की चॅप्लेनची भूमिका बदलते. पहिलीत तो वाट दाखवणारा असतो, दुसरीत माणसाचं मोल जाणून ते त्याला सांगणारा, तिसरीत खरं बोलणारा. मी बाईंपाशी दुसरी भूमिका घेऊन बसले होते. ज्याला स्वतःची किंमत वाटत नाही त्याला ‘तुमचा दोष नाही’ हे ऐकण्याची भूक असते. बाईंना स्वतःविषयी असा संभ्रम नव्हता. आपण काय केलं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. ते तसंच्या तसं मान्य करणारं माणूस त्यांना मिळालेलं नव्हतं. चौकटी मला एरवी फारशा भावत नाहीत, रुग्ण त्यांत मावत नाहीत. पण आपण कुठे चुकलो हे दाखवायला त्या उपयोगी पडतात.

तिसरी भेट त्याच संध्याकाळी. मी खुर्चीत बसायच्या आधीच बोलले.

“मी मघाशी घाई केली. तुम्ही सांगितलंत आणि मी ते पुसायला गेले.”

बाई काही बोलल्या नाहीत.

“तुम्ही सांगितलंत ते मी ऐकलं आहे. ताईंना दुखत होतं. औषध बाटलीत होतं. त्या मागत होत्या आणि तुम्ही दिलं नाहीत.”

हे वाक्य उच्चारताना माझा घसा कोरडा पडला होता. वाचणाऱ्यांपैकी कोणाला ते निर्दय वाटेल. मलाही क्षणभर वाटलं. खोलीत इतकी शांतता झाली की सलाइनच्या यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. मग बाई रडल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा, आणि हुंदका आवरायला हाताची मूठ तोंडावर धरून.

“तू पहिली आहेस,” त्या म्हणाल्या. तोवर त्या मला ‘तुम्ही’ म्हणत होत्या. “सगळे म्हणाले, किती केलंस तू तिचं.”

“हं.”

“मला दुखलं पाहिजे. तेवढं तरी.”

“म्हणून रात्रीचं घेत नाही.”

“रात्री तिला सगळ्यात जास्त व्हायचं.” थोड्या वेळाने : “किती दुखलं म्हणजे फिटेल गं?”

“मला माहीत नाही, बाई. असं फिटतं का, तेही माहीत नाही.”

त्यांनी मान हलवली. उत्तर न मिळाल्याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. मी आणखी एकच प्रश्न विचारला : “ताई आत्ता इथे असत्या, तर त्यांनी तुमच्याकडे काय मागितलं असतं?”

“तिनं?” बाई म्हणाल्या. “औषधच मागितलं असतं. दुसरं काय मागत होती ती.”

त्यावर मी बोलले नाही. त्याचा अर्थ लावून देण्याचा मोह मला झाला होता. मी अजून एक तास बसले. साडेसहाच्या सुमारास बाईंनी स्वतः घंटी दाबली आणि सहाचा राहिलेला डोस मागितला. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

त्यांनी औषध घेतलं म्हणजे माझं काम झालं, असं कोणी समजू नये. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी माझे आभार मानले, “तुम्ही त्यांना पटवलंत.” मी त्यांना तिथेच थांबवलं. शुद्धीवर असलेल्या, समजून-उमजून निर्णय घेणाऱ्या माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क आहे आणि बाईंनी शेवटपर्यंत मॉर्फीन घेतलं नसतं तरी मी त्यांच्याजवळ तशीच बसले असते. चॅप्लेनला ‘पटवायला’ पाठवलं जात आहे, असं रुग्णाला एकदा जरी जाणवलं, तर तो आमच्याशी पुन्हा मोकळेपणी बोलत नाही. आणि ते बरोबरच आहे. बाईंचा नकार मोकळा होता की शिक्षेसारखा, एवढं पाहणं माझं काम होतं.

आता नोंदीचा प्रश्न. उपचार करणाऱ्या पथकाला कारण कळणं आवश्यक होतं, नाहीतर सवयीच्या भीतीवरचं समजावणं चौथ्यांदा झालं असतं. पण बाटली आणि मोरी ही बाईंची गोष्ट होती, ती पंचवीस जणांनी वाचायच्या कागदावर जायला नको होती. मी बाईंना विचारलं, काय लिहू? त्यांनी मजकूर शुद्धलेखनासकट तपासला. नोंद अशी झाली : ‘औषध नाकारण्यामागे व्यसनाची भीती नाही. जवळच्या व्यक्तीच्या शेवटच्या आजारपणाशी जोडलेला तीव्र अपराधभाव आहे. डोस देताना आग्रह किंवा समजावणं नको. वेळ सांगावी, थांबावं, रुग्णाच्या उत्तराची वाट पाहावी. चॅप्लेन रोज भेटेल.’ इतकंच. चॅप्लेनच्या ज्या नोंदी ‘प्रार्थना केली, धीर दिला’ एवढ्यावर संपतात त्यांचा कोणाला उपयोग होत नाही, आणि ज्यांत रुग्णाचं अख्खं आयुष्य उतरवलेलं असतं त्या विश्वासघात करतात. मधलं लिहायला शिकायला मला बरीच वर्षं लागली.

चौथ्या दिवशी बाईंनी डॉक्टरांसाठी एक प्रश्न काढला. त्यांनी तो मला आधी विचारून पाहिला आणि मी म्हटलं, हे मला सांगता येणार नाही, त्यांनाच विचारा, मी सोबत बसते. प्रश्न होता : ठरलेला पूर्ण डोस दिला असता तर ताई लवकर गेली असती का?

मला भीती वाटली, कारण मला उत्तराचा अंदाज होता. डॉक्टर खुर्ची घेऊन बसले. ते म्हणाले, दुखण्याच्या मापाने हळूहळू वाढवलेल्या मॉर्फीनने आयुष्य कमी होतं असं दिसत नाही. बहुधा ताई तेवढ्याच जगल्या असत्या. दुखणं कमी झालं असतं.

बाईंचा शेवटचा आधार होता तो. वीस वर्षं त्यांनी मनाशी धरलं होतं की निदान आपण तिला चार दिवस जास्त दिले. आता तोही गेला. डॉक्टरांनी उत्तर गुळगुळीत केलं असतं तर चाललं असतं का, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, नसतं चाललं. बाईंना खोटं लगेच कळायचं. पण डॉक्टर तिथेच उठले नाहीत, हे महत्त्वाचं. त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली : “तुम्हाला हे औषध कसं द्यायचं, का द्यायचं, हे कोणी बसून समजावलं होतं का?” बाई म्हणाल्या, नाही. चिठ्ठी दिली होती. “मग ते तुमचं एकटीचं नाही,” डॉक्टर म्हणाले. “त्यातलं काही आमच्या लोकांचं आहे.”

दोन दिवसांपूर्वी माझ्या तोंडून निघालेल्या ‘तुमचा दोष नाही’ या अर्थाच्या बोलण्यापेक्षा हे फार वेगळं होतं. डॉक्टरांनी दोष पुसला नाही, त्याची वाटणी केली. बाई पुढचे दोन दिवस तेच करत होत्या : कुठला भाग माझा, कुठला नाही. ताईने नजरेने मागितलं आणि मी नजर वळवली, हे माझं. मला कोणी शिकवलं नाही, हे माझं नाही. ‘आपणच मारल्यासारखं होईल’ असं ज्याने म्हटलं त्याचंही काही. अगदी उत्तरपत्रिका तपासल्यासारखं. मी मध्ये बोलले नाही.

याच सुमाराला पथकाने योजना बदलली. चार तासांचं औषध बंद करून बारा तास पुरणारी गोळी द्यावी, म्हणजे रात्री झोपमोड होणार नाही, असं डॉक्टरांनी सुचवलं. वैद्यकीयदृष्ट्या ते योग्यच होतं. बाई नाही म्हणाल्या. “रात्री दोनला मला उठवा. उठवून द्या.”

बैठकीत कोणाला हे पटेना. जी बाई परवापर्यंत रात्रीचं औषध नाकारत होती, ती आता झोपेतून उठवून मागते आहे, आणि तेही गरज नसताना. मी बैठकीत एवढंच म्हणाले, की या प्रकरणात रात्रीचे दोन ही औषधाची वेळ नाही, त्याहून जास्त काहीतरी आहे, आणि आठवडाभर झोपमोड सोसून त्यांना ते हवं असेल तर ते द्यावं. सिसिली सॉन्डर्स यांचं नाव निघालं. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या, आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हे मरणासन्न रुग्णांसाठीचं शुश्रूषागृह (हॉस्पिस) सुरू केलं. दुखणं असह्य झाल्यावर रुग्णाने मागायचं आणि मग द्यायचं, ही रीत त्यांना मान्य नव्हती. औषध घड्याळाप्रमाणे, दुखणं परत यायच्या आधी द्यायचं, म्हणजे रुग्णाला हात पसरावा लागत नाही. ‘समग्र वेदना’ ही कल्पनाही त्यांचीच : शरीराचं, मनाचं, नात्यांचं आणि आत्म्याचं दुखणं वेगवेगळ्या कप्प्यांत नसतं. एका रुग्णाला दुखण्याविषयी विचारलं तेव्हा ती पाठीपासून सुरू झाली आणि घरच्यांच्या काळजीवरून शेवटी आपलं सगळंच बिघडलं आहे इथवर आली, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. बाईंच्या बाबतीत घड्याळ आणि आत्मा एकाच जागी आले होते. ताईला रात्री दोनला मागूनही मिळालं नाही. बाईंना ते न मागता, कोणीतरी येऊन, उठवून दिलेलं हवं होतं.

डॉक्टर तयार झाले. रात्रपाळीच्या परिचारिकेला कारण सांगायची परवानगी मी बाईंकडून घेतली, कारण तिलाही त्याची गरज होती. कण्हणारी रुग्ण समोर, भरलेला कप हातात, आणि तो परत न्यायचा, असं तिने सलग सहा रात्री केलं होतं. मी तिच्याबरोबर अर्धा तास भांडारघरात बसले. रुग्णाच्या खाटेपाशी जेवढं काम असतं, जवळजवळ तेवढंच काम अशा जागी असतं.

भाचीविषयी सांगायचं राहिलं. ताईची मुलगी, तेव्हा चौदा वर्षांची, आता चौतीस. ती मावशीला भेटायला रोज यायची. बाईंनी तिला सांगायचं ठरवलं. सांगावं की नाही, यावर मी मत दिलं नाही, पण दोन गोष्टी विचारल्या : हे तुम्ही तिच्यासाठी सांगता आहात की स्वतःसाठी, आणि तिने माफ केलं नाही तर चालेल का. पहिल्यावर बाई म्हणाल्या, “स्वतःसाठी. पण तिचाही हक्क आहे.” दुसऱ्यावर त्या रात्रभर गप्प होत्या. सकाळी म्हणाल्या, “चालणार नाही. पण तरी सांगते.”

मी दाराशी होते. भाचीने शेवटपर्यंत ऐकलं. ती म्हणाली, “आई ओरडायची ते मला आठवतं. मी उशी कानावर धरायचे.” आणि उठून निघून गेली. दोन दिवस आली नाही.

ते दोन दिवस वाईट होते. बाईंचं दुखणं, जे चारवर आलं होतं, पुन्हा सातवर गेलं, आणि मधल्या वेळेचे जादा डोस द्यावे लागले. मी त्यांना हे सांगायला प्रवृत्त केलं नव्हतं, पण थांबवलंही नव्हतं. माझ्या मनावर त्याचं ओझं होतं आणि आजही थोडं आहे. त्या दिवसांत बाईंनी मला एकदा विचारलं, “तू प्रार्थना करतेस का?”

“कोणी सांगितली तर.”

“माझ्यासाठी नको. तिच्यासाठी कर.”

ताईसाठी, की भाचीसाठी? मी विचारलं नाही. दोघींसाठी केली, मोठ्याने, चार वाक्यांची. बाईंनी हात जोडले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, “माझा अबोला आहे तसाच आहे हं.” मी म्हटलं, ठीक आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाची आली. मावशीशी काय बोलली ते मला माहीत नाही. माफ केलं, असं ती कधी म्हणाली नाही, निदान माझ्या कानावर नाही. जाताना तिने परिचारिकांच्या टेबलापाशी थांबून विचारलं, रात्री दोनचं औषध असतं ना, त्या वेळी मी थांबले तर चालेल का. भेटीची वेळ संपलेली होती. प्रमुख परिचारिकेने खुर्ची आत नेऊन ठेवली.

त्या रात्री मीही थांबले, दाराबाहेर. दोनला परिचारिका आत गेली. तिने दिवा लावला नाही, फक्त बाईंच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, “बाई, वेळ झाली.” भाचीने कप तिच्या हातातून घेतला आणि मावशीच्या ओठाला लावला. बाई एका दमात प्यायल्या.

बाई त्यानंतर नऊ दिवस होत्या. गिळता येईनासं झाल्यावर औषध त्वचेखालून, पंपाने सुरू झालं. त्याला रात्रीच्या दोनची गरज नव्हती. तरी परिचारिकांनी ती वेळ सोडली नाही. शेवटच्या रात्रीची नोंद मी नंतर पाहिली. ‘०२:०० : पंप तपासला. रुग्णाला वेळ सांगितली. भाची जवळ.’